दर्यापूरची गिरणीवाली

दर्यापूरच्या शाळेतल्या एका खोलीत आम्ही गुरुत्वाकर्षण मोजायचं नवं यंत्र तपासत होतो. शेजारच्या पिठाच्या गिरणीच्या हादऱ्यांमुळे दोन दिवस आकडे जुळत नव्हते. शेवटी मी गिरणीवाल्या बाईंकडे गेलो. भुवयांपर्यंत पीठ, आणि बोटांनी दळणाची जाडी चाचपतच त्यांनी माझं सगळं ऐकलं.

"हा आकडा कोनाच्या कामाचा?"

"देशभरातली मोजमापं अशा ठिकाणांवरून तपासतील," मी म्हणालो.

"म्हंजे आमचं दर्यापूरबी त्यात असन?"

"असेल."

त्यांनी खटका बंद केला. रांगेतल्या बायांना म्हणाल्या, "घंटाभर थांबा बायाहो. आपल्या गावचा आकडा चुकला नाई पायजे."

बाया आपापल्या डब्यांशेजारी बसून राहिल्या. तासाभरात आकडे जुळले. अहवालात मी हवा, जमीन, तापमान सगळं लिहिलं. त्या तासासाठी मात्र रकाना नव्हता.

सांगायला गेलो, तर बाई दारातच उभ्या होत्या. "बराबर आला न?" मी हो म्हणताच त्या लहान मुलीसारख्या हसल्या.