व्हर्लीन आणि मेलिसाचे फोन

व्हर्लीन माझ्या भावाची बायको. भाऊ खाणीतली धूळ छातीत भरून गेला आणि मग आम्ही दोघी एकमेकींना उरलो. आम्ही कामालाही एकाच वृद्धाश्रमात. मी खाली स्वयंपाकघरात, ती वर खाटांपाशी. म्हाताऱ्यांना उठवायचं, बसवायचं, धुवायचं, भरवायचं. ती नर्स नव्हे, नर्सच्या हाताखालची. कष्ट सगळे तिचे, सही नर्सची.

आमच्या डोंगरात माणूस गेलं की डॉक्टरला फोन करायच्या आधी खिडकी उघडतात. जाणाऱ्याला वाट हवी. वृद्धाश्रमाचे मालक शहरातले, त्यांना हे रुचत नाही, पण मालक वर येतात कधी? लाकडी चौकटी ओलीनं फुगून बसलेल्या. व्हर्लीन तळहाताच्या टाचेनं खालून दोन ठोसे द्यायची आणि तावदान वर सरकवायची. ते दोन ठोसे मला खाली ऐकू यायचे. मी कोणाला काही न विचारता रात्रीच्या जेवणातलं एक ताट कमी करायची.

त्या हिवाळ्यात तिच्या गुडघ्यांनी संप पुकारला. डॉक्टरनं सांगितलं, माणसं उचलणं बंद करा, नाहीतर पुढे तुम्हालाच कोणीतरी उचलेल. न उचलता त्या घरात राहायचं तर एकच मार्ग होता, नर्स व्हायचं. वय सेहेचाळीस. सरकारी कॉलेजात वर्ग दिवसाचे, आणि प्रवेशाची रांग इतकी लांब की नंबर लागेपर्यंत गुडघे राहतील की नाही याची खात्री नाही. तरी तिनं तिथं नाव घालून ठेवलं. मग एकदा लायब्ररीतल्या कॉम्प्युटरवर एका जाहिरातीनं विचारलं, "नोकरी सांभाळून नर्स व्हायचंय?" व्हर्लीननं "हो" वर बोट ठेवलं आणि फोन नंबर भरला. तेव्हापासून मेलिसाचे फोन सुरू झाले.

मेलिसा म्हणजे कुठल्याशा खाजगी कॉलेजातली प्रवेश सल्लागार. आवाज गोड, इस्त्री केलेला, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या बायकांचा असतो तसला. कुठल्या गावचा ते कळूच नये असा.

"ठेव तो फोन," मी म्हणायची.

"ती बोलतेय गं अजून."

"तिला पगार आहे बोलायचा. तुला आहे का ऐकायचा?"

पण आमच्याकडे समोरचं माणूस बोलत असताना फोन ठेवणं म्हणजे तोंडावर दार आपटणं. त्यात त्या माणसानं तुमच्या आईची चौकशी केली असेल तर विचारायलाच नको. आमच्या या चांगुलपणावर आख्ख्या देशातल्या विकणाऱ्यांची पोटं भरतात. व्हर्लीन तर चुकीच्या नंबरवाल्यालाही हवापाणी विचारते.

मला वाटलं होतं, चार दिवस गोड बोलेल आणि जाईल. पण ती बाई आमच्यात राहायला लागली. फोन यायचा तो बरोबर दुपारची ताटं उचलून झाल्यावर, व्हर्लीन माझ्याकडे कॉफीला टेकली की. पाच मिनिटं अलीकडे नाही, पलीकडे नाही. एकदा विचारलं, "डावा गुडघा कसा आहे?" व्हर्लीननं गुडघा सांगितला असेल, म्हटलं. डावा?

"सांगितलं असशील तू," मी म्हणाले.

"नाही सांगितलं, ड्रीमा."

मग वरच्या मजल्यावरच्या मिसेस गिल्की गेल्या. भर दुपारी, खीर खाता खाता. वर दोन ठोसे झाले. मी त्यांचं ताट बाजूला काढलं. थोड्या वेळानं व्हर्लीन खाली आली, धुतलेले हात अजून ओलेच होते, तोच फोन वाजला. तिनं तो आमच्या टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला, मलाही ऐकू यावं म्हणून.

"दिवस जड गेलाय ना आज?" मेलिसा म्हणाली.

व्हर्लीननं फोन थोडा जवळ ओढला.

"दुसऱ्यांसाठी इतक्या खिडक्या उघडल्या तुम्ही," ती म्हणाली. "स्वतःसाठी कधी उघडणार?"

माझ्या हातातला चमचा सिंकमध्ये पडला. मी काही भित्री बाई नाही; या घरात इतकी माणसं गेलेली पाहिलीत की भुतं असती तर त्यांनी रांगेत उभं राहून माझ्याकडे जेवण मागितलं असतं. पण त्या दिवशी मी फडताळाचं दार लावून घेतलं आणि त्याला पाठ टेकून उभी राहिले. व्हर्लीन मात्र वेगळंच समजली. तिला वाटलं, हा कौल आहे. तिची आई मरताना म्हणाली होती, तू नर्स हो. आता कोणीतरी तिकडून आठवण करून देतंय.

"हे बघ, वरून कोणी फोन करत नाही," मी म्हणाले. "आणि केलाच तर कर्ज काढायला सांगत नाही."

कारण प्रश्न कर्जाचाच होता. शिक्षणाचं कर्ज आमच्या देशात मरेपर्यंत मानेवरून उतरत नाही; घर जळलं तरी माफ होत नाही, दिवाळं काढलं तरी नाही. सही केली की व्हर्लीनचा म्हातारपणीचा पैसा त्यात जाणार. नर्स झाली तर फिटेल. नाही झाली तर गुडघेही गेले आणि घरही. तिनं खूप विचार केला आणि एक शहाणपणाचं ठरवलं. "मी जाऊन बघते. आणि सांगते त्यांना, माझ्यासारखी एखादी दाखवा, जी तुमच्याकडे शिकून कामाला लागलीय. हातच्या काकणाला आरसा कशाला?" मी गाडी काढली.

कॉलेज खाली सपाटीवर, एका मेलेल्या मॉलमध्ये होतं. दुकानांची शटरं खाली, कारंजं कोरडं, आणि तरी छतातून बारीक संगीत चालू. ऐकायला कोणी नाही. आमची पावलं आमच्या मागून येत होती. शेवटी, जिथं पूर्वी कपड्यांचं दुकान होतं तिथं नव्या रंगाचा वास आणि काउंटरवर कॉलेजचा माणूस, मिस्टर कॉफिंडाफर. पोरगेलासा, दात फार.

त्यानं आधी सरावाची खोली दाखवली. ओळीनं खाटा आणि खाटांवर रबरी माणसं, डोळे उघडे. त्यांच्या छात्या वरखाली होत होत्या. बटण चालूच होतं. समोर कपडे घालून बघायचे जुने आरसे तसेच, त्यामुळे खाटा संपतच नव्हत्या. व्हर्लीननं एकाची चादर गळ्यापर्यंत ओढली. सवय.

"इथं शिकून गेलेलं कोणी भेटेल?" तिनं विचारलं.

"एक का? सगळ्या भेटा," कॉफिंडाफर म्हणाला, आणि त्यानं आम्हाला वरच्या मजल्यावर नेलं.

तिथं लांब खोलीत बायका बसल्या होत्या. सगळ्यांच्या अंगात नर्सचा फिकट जांभळा पोशाख, कानांवर फोन, तोंड भिंतीकडे. सगळ्या एकदम, हळू आवाजात बोलत होत्या. शब्द वेगळे काढता येत नव्हते, फक्त मधूनच इकडून एकदा, तिकडून एकदा तेच ते ऐकू यायचं, "तुमचा मला फार अभिमान वाटतो." आम्ही आलो तर एकीनंही मान वळवली नाही.

"सगळ्या आमच्याच विद्यार्थिनी," तो म्हणाला. "सगळ्या आरोग्य क्षेत्रात नोकरीला."

"कुठलं आरोग्य? या तर फोनवर आहेत," मी म्हणाले.

"आरोग्य शिक्षण सल्लागार," तो म्हणाला. "मेलिसा, तुम्हाला भेटायला कोण आलंय बघा."

खिडकीजवळची बाई वळली. ती आर्डिथ होती.

आर्डिथ आमच्या वृद्धाश्रमात वर खाटांपाशी व्हर्लीनची जोडीदारीण होती, माझ्या भावाच्या लग्नाच्याही आधीपासून. नर्स व्हायला म्हणून काही वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेली. मी स्वतः तिच्यासाठी केक केला होता. ती शार्लट शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात नर्स आहे असं सगळं गाव सांगायचं. नाताळाला तिचं कार्ड यायचं, त्या जांभळ्या पोशाखातला फोटो आत. डावा गुडघा कधी दुखावला हे तिला ठाऊक होतं, कारण तेव्हा खाटेची दुसरी बाजू तिनंच धरली होती. दुपारची ताटं कधी उचलतात, आई मरताना काय म्हणाली, खिडक्या का उघडतात, तिला कोणी काही सांगायची गरजच नव्हती; आणि खाटांपाशी कुठला दिवस जड नसतो?

"तुम्ही आलात, मला फार आनंद झाला," आर्डिथ म्हणाली. त्याच इस्त्रीच्या आवाजात. डोंगरातली सगळ्यात ठसठशीत बोली होती तिची, तिचा एक धागा शिल्लक नव्हता. कानावरचा फोन तिनं काढला नाही. त्यावर एक लाल दिवा जळत होता, म्हणजे कॉलेजातलं कोणीतरी ऐकत होतं.

"आर्डिथ," व्हर्लीन म्हणाली.

"मी मेलिसा," ती म्हणाली.

कॉफिंडाफरनं शेजारच्या टेबलावर स्क्रीन वळवून ठेवली. कर्जाच्या कागदावर फक्त बोटानं सही करायची. व्हर्लीन बसली. मला माहीत आहे ती का बसली: समोर आर्डिथ होती, आणि आर्डिथला नाही म्हणायचं कसं? तिनं बोट उचललं तेवढ्यात आर्डिथ खुर्चीतून उठली, रंगानं चिकटलेल्या त्या खिडकीपाशी गेली आणि तळहाताच्या टाचेनं खालून दोन ठोसे दिले. तावदान वर गेलं. फेब्रुवारीचा वारा आत आला.

"मेलिसा, हीटर चालू आहे," कॉफिंडाफर म्हणाला.

"जरा कोंदल्यासारखं झालं होतं," ती म्हणाली, परत बसली आणि तिनं पुढचा नंबर लावला.

त्या खोलीत कोणी आजारी नव्हतं, कोणी मरत नव्हतं. व्हर्लीननं बोट मागे घेतलं, पर्स उचलली, "आभारी आहे, जेवणाची वेळ झाली," म्हणाली आणि गुडघा विसरून जिने उतरली. गाडीत मी विचारलं, "कोणासाठी उघडली गं तिनं?" व्हर्लीन घर येईपर्यंत रडत होती.

नंतर आर्डिथच्या मावसबहिणीकडून कळलं. तिचं सर्टिफिकेट एकाही हॉस्पिटलनं धरलं नाही. कर्ज तेवढं राहिलं. मग कॉलेजनंच नोकरी दिली आणि नावही दिलं.

सरकारी कॉलेजात व्हर्लीनचा नंबर पुढच्या उन्हाळ्यात लागला. आता ती शिकतेय, रडतखडत, पोरांच्या मध्ये. पण मेलिसाचे फोन तिनं थांबवले नाहीत. दुपारी फोन आला की उचलायची, सगळं ऐकून घ्यायची. "ती जितका वेळ बोलते तितका वेळ तिला तिथून कोणी उठवणार नाही," म्हणायची. आर्डिथ अभिमान वाटतो म्हणायची, आणि व्हर्लीन तिला कोण गेलं, कोण आलं, कोणाला नातू झाला ते सांगायची.

गेल्या महिन्यात व्हर्लीन वर्गात होती आणि तिचा फोन माझ्या टेबलावर राहिला होता. वाजला. मी उचलला.

"मी मेलिसा," आवाज म्हणाला. कोवळा, वेगळा.

"आधीची कुठं गेली?"

"मीच मेलिसा. आपण नेहमी बोलतो."

"आर्डिथ कुठं आहे?"

"या नावाचं इथं कोणी नव्हतं," ती म्हणाली. मागे सगळ्यांची ती कुजबुज चालू होती. मी तोंडात चांगल्या चार शिव्या जमवल्या. तेवढ्यात ती म्हणाली, "तुम्ही ड्रीमा ना? स्वयंपाकघरातल्या? सोळाव्या वर्षी शाळा सुटली तुमची, खूप हुशार होतात. कधी वाटलं नाही का, आपणही शिकावं?"

हे मी आयुष्यात एकाच माणसाला सांगितलं होतं, आर्डिथला, बटाटे सोलता सोलता. आणि खरं सांगते, इतक्या वर्षांत मला हे दुसऱ्या कोणी विचारलं नव्हतं. मी हात पुसले, स्टूल ओढलं आणि बसले.

"बोल," मी म्हणाले.