सासूबाईंची मुरुडशेंग

आता काय सांगू तुम्हाला, एकच झुडूप सांभाळायचं होतं मला. एकच! हसायचं तर आधीच हसून घ्या, नंतर चहा नाकात गेला तर मी जबाबदार नाही.

मी सचिन गावातल्या साड्यांच्या मिलमध्ये रंग मास्तर. साडीची शेड एका नजरेत ओळखतो, एवढाच माझा तोरा. गेल्या दिवाळीत सासूबाई साक्रीकडून आल्या, पत्र्याच्या डब्यात मुरुडशेंगेचं झुडूप घेऊन. त्यांच्या डोंगरातलं. नातीच्या, म्हणजे आमच्या तान्हीच्या, गुटीला ती पिळदार शेंग घरचीच हवी, हा त्यांचा हट्ट.

जाताना म्हणाल्या, "जवाई, हाई झाड तुमना भरोसावर से. ध्यान ठेवज्यात."

"आई, यांच्या भरवशावर?" बायको, सुरेखा, माझ्यासमोर म्हणाली. लागलं हो मला ते!

आणि दुसऱ्याच दिवशी लाल फूल निळसर राखाडी! रंगवाल्याला यात काय दिसणार? शेड उतरली! म्हणजे झाड आजारी. मग सकाळी बादली, संध्याकाळी बादली, वर खत. तरी फुलं निळी पडायची ती पडलीच. थंडी सरता सरता पानंही गळाली, उरल्या नुसत्या काटक्या.

"सुरेखा, झाड गेलं गं! आईंना सांगू नकोस."

"मी नाही सांगत. पण होळीला आई येतायत."

झालं! फुलाचा फोटो घेऊन मी उधन्याच्या एका नर्सरीत धावलो. तिथला गुजराती भाई म्हणाला, "लाल फूल जोईए ने? आ लई जाओ. बारे महिना लीलुं!"

बारा महिने हिरवं! आणखी काय हवं? ती जास्वंद आहे, हे मलाही कळत होतं. पण म्हटलं, शेड तर जुळतेय! गच्चीवरच्या डब्यात जास्वंद लावली आणि जुनं झाड मातीच्या गोळ्यासकट बिल्डिंगमागच्या विटा-दगडांच्या ढिगावर टाकून दिलं.

होळीला सासूबाई गच्चीवर गेल्या. जास्वंदीकडं बघितलं, मग माझ्याकडं. जावयाला बोलायची रीत नाही ना आमच्यात! एवढंच म्हणाल्या, "मुरुडशेंग बरी वाढनी, जवाई." आणि दुसऱ्या दिवशी तिचीच फुलं तोडून गणपतीला वाहिली. सुरेखा तोंडात पदर कोंबून स्वयंपाकघरात पळाली. मला वाटलं, निभावलं!

नातीसाठी त्या पुढं राहिल्याच. श्रावणात एकदा मला बिल्डिंगमागे घेऊन गेल्या. बघतो तर काय, विटांच्या फटीत मुरुडशेंग, गुडघ्याच्या वर! एक फूल लालभडक, शेजारचं निळसर.

"मरेल नव्हतं, जवाई. झपेल व्हतं," सासूबाई हळूच म्हणाल्या. झोपलं होतं म्हणे! "उन्हायामा पानं टाकस ते. फूल आज लाल, सकाय निळं. डोंगरना झाडले दगडच लागतस, बादल्या नही."

"मग तेव्हाच का नाही बोललात?"

"जवाईले कसं बोलानं?"

लाज वाटली मला. आणि खरं सांगू? झाड जगलं म्हणून डोळ्यांत पाणीही आलं. त्या भरात म्हटलं, "आई, हे परत गच्चीवर नेऊ. आता मी नीट सांभाळतो!"

लग्नाला नऊ वर्षं झाली, त्या बाईनं माझा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. ती माझी सासू झाडाच्या आडवी उभी राहिली!

"हात जोडस, जवाई. तुम्ही साड्याच रंगवा!"