शिळ्या पाण्याचा दोडका

तिसरीच्या टीचरांनी शाळेत दोडका लावला आणि माझी झोप उडाली. वेल असा सुटला, की वर्गाच्या खिडकीतून आत शिरून पाढे म्हणायचा तेवढा राहिला होता. अतिशयोक्ती वाटत असेल तर वाटू द्या. मी तो रोज बघत होतो, तुम्ही नाही.

मी चौथीचा सर. शाळा सोलापुरातली, कॅथलिक सिस्टरांची; मुलं मात्र आसपासच्या गल्ल्यांतली, सगळ्या जातिधर्मांची. मी वैरागकडचा, शेतकऱ्याचा पोरगा. मुख्याध्यापिका सिस्टर समुद्रकाठच्या. त्यांच्या गावाकडं सप्टेंबरात मारियामातेच्या जन्मदिनाला नव्या पिकाची टोपली चर्चमध्ये वेदीपुढं ठेवतात. ती रीत त्यांनी सोबत आणली आणि आमच्या पर्यावरण उपक्रमाला जोडून टाकली. कंपाउंडलगत प्रत्येक वर्गाला एक वाफा. ज्याचा वाफा सरस त्याची भाजी टोपलीत, तो वर्ग रांगेत सगळ्यांच्या पुढं, आणि टोपली उचलायची त्या वर्गाच्या शिक्षकानं. अट एकच: शाळेच्या नळाचं पाणी वाफ्याला घालायचं नाही. सोलापुरात नळ येतो तो रुसलेल्या जावयासारखा, चार-पाच दिवसांनी, आणि कधी येणार ते कुणालाच न कळवता. "पाणी कुठून आणायचं ते तुम्ही आणि मुलांनी शोधायचं," सिस्टर म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी मी गावाकडं फोन लावला.

"अण्णा, औंदा सप्टेंबरात सणाला या. टोपली मी उचलणार हाय."

"कशाची टोपली?"

"भाजीची. मी पिकवलेली. चर्चमधी, सगळ्यांच्या म्होरं."

वडील म्हणाले, "तू? पिकवणार? रानात धाडला की बांधावर घोरत पडायचास की रं."

"या तर खरं."

"येतो. बगतोच."

माझ्या वडिलांनी जन्मात कधी माझं कौतुक केलेलं नाही. मी दहावी पास झालो तेव्हा म्हणाले होते, "मास्तर बरा हुता वाटतं." तेव्हा टोपली माझ्या हातात त्यांनी बघितलीच पाहिजे, असं मी ठरवून टाकलं. मेथी टाकली. मातीत हात घातल्या घातल्या पाच पिढ्यांचं रक्त जागं झालं म्हणा ना!

तिसरीच्या टीचर सोलापुरातच जन्मलेल्या, तेलुगू विणकरांच्या घरातल्या. मातीशी ओळख तुळशीच्या कुंडीपुरती. मी मोठ्या मनानं सल्ला दिला, "टीचर, दोडक्याला मांडव लागतो बरं का."

"हो का सर? घरी मागाचं जाड सूत पडलंय, तेच बांधते की."

आणि बांधला. मागावर ताणा लावावा तसा, एक दोर इकडचा तिकडं नाही. माझ्या पोटात पहिली कळ तेव्हा आली.

दुसरी आली ती पाण्यावरून. आमच्याकडं नळाला पाणी आलं, की घरोघर पहिलं काम म्हणजे पिंपं आणि घागरी उपड्या करणं. चार दिवस ज्या पाण्याला देवासारखं जपलं, ते नळाचा फुसफुस आवाज येताच 'शिळं' होतं आणि गटारात जातं. मग भांडी घासून ताजं भरायचं. मीही घरी हेच करत आलो. टीचरांनी मात्र पाणी आल्याचं कळताच वर्गाची रांग लावली, पोरांच्या हातात बाटल्या आणि डबे दिले आणि थेट गल्लीत शिरल्या. दारातल्या म्हाताऱ्यांशी तेलुगूत काय गोड बोलायच्या देव जाणे. म्हाताऱ्या शिळं पाणी तर द्यायच्याच, वर पोरांच्या हातावर शेंगदाणे ठेवायच्या. पुढं पुढं गल्लीच ओरडायला लागली, "ए शाळा, पाणी न्या!" लोक गटारात ओतायचे थांबले. सिस्टरांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेकडून टाळ्या वाजवून घेतल्या. मीही वाजवल्या. पण आतून असा पेटलो होतो, की कुणी शेजारी उभं राहून पापड भाजून घेतले असते.

मग मीही माझी चौथी घेऊन निघालो, दुसऱ्या गल्लीत. पहिल्या दोन दारांत म्हाताऱ्यांनी माझं वैरागकडचं मराठी ऐकून कडी लावून घेतली. तिसऱ्या ठिकाणी सुताला रंग देणाऱ्यांचं शेड होतं. तिथल्या माणसानं कोपऱ्यातलं मोठं पिंप दाखवलं. पाणी वरून नितळ. "न्या की सर, सगळं न्या. आमाला टाकायचंच हाय."

एक मुलगी नाक मुरडून म्हणाली, "सर, वास येतोय."

"वास शेणालाबी येतो," मी म्हणालो. "शेतकऱ्याला शिकवू नको."

आमच्या रानात पाणी म्हणजे पाणी. ते विहिरीचं असतं नाहीतर ओढ्याचं. ढवळल्यावर तळातून गुलाबी उसळलं तेव्हाही मला वाटलं, गाळ असेल. सगळं पिंप मेथीला पाजलं. दोन दिवसांत देठ असे रंगले, की वाफ्यात टॉवेल वाळत घातल्यासारखं दिसायला लागलं. वाफ्यातून गेलेलं मांजर आठवडाभर गुलाबी पायांनी शाळेत हिंडत होतं. मग मेथीनं मान टाकली.

टीचर आल्या. चिमूटभर माती उचलून हुंगली. "सर, ते शिळं पाणी नव्हतं हो, रंग धुतलेलं होतं. आमच्यात तर रांगणारं पोरसुद्धा त्या पिंपाकडं जात नाही. मला विचारायचं की."

हसल्या असत्या तर चाललं असतं. पण त्यांचे डोळे खरंच भरून आले होते. असल्या बाईचा नीट रागसुद्धा करता येत नाही.

सणाला वडील आले. कडक इस्त्रीचं धोतर, नवी टोपी. पुढं टीचर टोपली घेऊन, दोडके असे तुकतुकीत की तेल चोपडल्यासारखे. मागं मी, पोरांचे बाहेर आलेले शर्ट आत खोचत. वडिलांनी सगळं बघितलं. बाहेर आल्यावर एवढंच विचारलं, "तुजी टोपली?"

"औंदा हवामानच..." मी म्हणालो.

ते पुढं ऐकायला थांबलेच नाहीत. सरळ शेजारच्या शाळेतल्या वाफ्यांकडं गेले, मांडवाखाली वाकले, एक दोडका तळहातावर तोलला. टीचर शेजारीच होत्या. वडील त्यांच्याकडं वळून म्हणाले, "बाई, हाताला गुण हाय तुज्या."

आयुष्यभर ज्या शब्दांसाठी मी कान देऊन बसलो होतो, ते शब्द डोळ्यांदेखत दुसऱ्याच्या दारात जाऊन उतरले.

"नाही हो बाबा," टीचर म्हणाल्या, "मांडवाचं सरांनीच सांगितलं मला."

"ह्यानं?" वडील म्हणाले. "ह्याला मांडव फकस्त लग्नातला ठावा."

सिस्टर तोंडाला रुमाल लावून हसल्या. मीही हसलो. नाइलाज होता.

मग वडिलांनी बी मागितलं. ज्या माणसानं सख्ख्या भावाचं बी कधी रानात पडू दिलं नाही, त्यानं! टीचर म्हणाल्या, "एक दोडका वेलावरच वाळवायला ठेवलाय. बी निघालं की सरांबरोबर पाठवते."

दिवाळीला पुडी माझ्याच हातात आली. टोपली नाही, पुडी. वैरागच्या एसटीत खिडकी उघडीच होती. पुडी बाहेर काढून मी दोनदा परत खिशात ठेवली. शेवटी नेऊन दिली, कारण पोचायच्या आधीच वडिलांचा फोन आला होता, "बी आणलंस न्हवं?"

आता आमच्या रानात विहिरीकडेला तो वेल आहे. येणाऱ्या-जाणाऱ्याला वडील तिथवर नेतात. "सोलापूरच्या बाईचा दोडका," म्हणून दाखवतात. पोरगा सोलापुरात मास्तर आहे, हे त्या ओघात सांगतात, तेही कधीतरी. फोन केला की पहिला प्रश्न, "बाई बऱ्या हायत का?"

सुट्टीवरून निघालो की आई पिशवीभर दोडके सोबत बांधून देते. सोलापुरात आलो की मी त्याची भाजी करतो, शेंगदाण्याचं कूट घालून. चव नसती तर बरं झालं असतं.