धुळे, जळगाव आणि ढेपगल्ली

मे १९८९, दुसरा रविवार. धुळे, शाळेचं मैदान, मांडवात दुपारची दुसरी पंगत. हजर: आमच्याकडून आई, वडील, काकू, मी आणि नवरी, म्हणजे माझी धाकटी बहीण. जळगावकडून नवरा, त्याची आई, दोन आत्या, एक शाळकरी पुतणी आणि नाना, म्हणजे नवऱ्याचे वडील. बाकी दीडशे माणसं होती, पण त्यांचा या हकिकतीशी संबंध हसण्यापुरता.

नानांची सगळी नोकरी रेल्वेच्या टपालडब्यात पत्रं निवडण्यात गेली होती. मी कचेरीत आवक-जावक सांभाळते, अक्षर बरं आहे, हे त्यांना साखरपुड्याच्या दिवशी कळलं. जाताना त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढून माझ्या हातात दिली.

"ताई, याची स्वच्छ प्रत करून द्या. माझं अक्षर आता मलाच लागत नाही."

वहीत खान्देशातल्या गावांची नावं होती. पाकिटांवर लोक कसे पत्ते लिहीत ते आधी: धुळे, धुळें, धुळिया, धुलिया. म्हातारी माणसं अजून धुळ्याला पश्चिम खान्देश लिहीत आणि जळगावला पूर्व खान्देश. मग नाव कशावरून पडलं याबद्दल कोण काय म्हणालं ते. धुळीवरून धुळे, यापुढे नानांचा शेरा: "सगळेच सांगतात, पुरावा कुणाकडे नाही." पाणी होतं म्हणून जळगाव, यापुढे एका टांगेवाल्याचा सवाल: "पानी व्हतं तं मंग गयं कोठे?" शेवटी टोपणनावं. सोन्याचं गाव, केळीचं गाव ही मिरवायची. चिडवायची वेगळ्या पानांवर.

मी पानांना क्रमांक घातले, अनुक्रमणिका केली. एक्केचाळिसावं पान ढेपगल्लीचं होतं. दुष्काळात जळगावातल्या एका गल्लीतली माणसं तेलाच्या घाणीवरून शेंगदाण्याची ढेप, म्हणजे पेंड, आणून खात, जी एरवी गुरांपुढे टाकतात. तेव्हापासून आसपासचे लोक त्या गल्लीला ढेपगल्ली म्हणू लागले. पुढे त्या घरांतल्या मुलींना स्थळं येईनात, म्हणून बऱ्याच जणांनी जागा बदलली. खाली पेन्सिलीनं लिहिलं होतं: "ही माझी गल्ली. मुलांना माहीत नाही. प्रतीत घेऊ नये."

माझ्या यादीत मी त्या पानापुढे "वगळणे" असं लिहिलं आणि खाली रेघ मारली. म्हणजे वाचलं नव्हतं, समजलं नव्हतं, असं म्हणायला मला जागा नाही.

आमच्याकडे पंगतीत विहिणी एकमेकींना गाण्यातून चिडवतात. नावं घेऊन, घर काढून, गाव काढून. त्यात राग धरायचा नसतो आणि हरायचं तर मुळीच नसतं. त्या दिवशी जळगावच्या आत्या जोरात होत्या. थोरलीनं सुरू केलं, "धुयानी पोर, पह्यले झटकी ल्या, मंग घरमा ल्या." मांडव हसला. काकूंनी केळीवरून काही जोडलं, ते पडलं. धाकट्या आत्या म्हणाल्या, "काय वो व्याहीण, धूय घसामा गई का?"

काकू माझ्याकडे वळल्या. मी वरणाची बादली घेऊन त्यांच्या मागे उभी होते. "तू ती वही लिव्ही राहिनी ना? काहीतरी सांग, लवकर."

वहीत चिडवायची नावं किती तरी होती. त्यातलं कुठलंही चाललं असतं. मला सगळ्यात जोरात लागणारं हवं होतं. मी वाकून काकूंच्या कानात ते सांगितलं. नाव सांगितलं, ढेप कोण खायचं ते सांगितलं, एवढंच. ती गल्ली नानांची, हे काकूंना माहीत नव्हतं. त्यांनी लगेच ओढलं:

"जयगावना व्याही ढेपगल्लीमा ऱ्हास,
जिलबी वाढी तरी ढेप मांगस."

आमच्या बायका पोट धरून हसल्या. मीही हसले. आम्ही जिंकलो होतो.

पुतणीनं विचारलं, "आजोबा, ढेपगल्ली कुठे आहे?"

नवरा म्हणाला, "अगं, जोडलंय त्यांनी. अशी गल्लीच नाही."

नानांनी हातातली जिलबी पानात ठेवली. "शे," ते म्हणाले. "आमनीच शे. दुष्काळात ढेप खाल्ली आम्ही. भाजली की बरी लागते."

मुलगा त्यांच्याकडे बघत राहिला. आत्यांनी माना खाली घातल्या. त्या त्याच गल्लीतल्या, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. नानांनी मान वर करून मला शोधलं. "ताई, थोडं वरण वाढा."

मी वाढलं. एक थेंब सांडला नाही, याचीही आता लाज वाटते.

आठवड्यानं बहीण माहेरी आली. "काकूंना हे कुठून कळलं गं? सासूबाई दोन दिवस जेवल्या नाहीत."

"कोण जाणे," मी म्हणाले.

वर्षभरानं तिचं डोहाळजेवण जळगावला ठरलं. आमच्याकडून कोण येणार त्याची यादी मीच केली. जळगावहून निरोप होता की काकूंना आणू नये. मी काकूंचं नाव सोडून बाकीची नावं स्वच्छ अक्षरात लिहिली. काकूंनी ती यादी वाचली आणि मला परत दिली.

"मी सांगते त्यांना खरं," मी म्हणाले.

"नको. तुनी बहीण तठे नांदस. मनं काय जास?"

हे ऐकून मला सुटल्यासारखं वाटलं. मी सांगितलं नाही. त्या वारल्या, तोवर जळगावच्या घराची पायरी त्यांना चढता आली नाही.

नानांनी वही मागितली नाही. प्रत पुरी करायला मला सात वर्षं लागली, त्यातली सहा टाळण्यात गेली. १९९६ मध्ये घेऊन गेले. नानांनी अनुक्रमणिका पाहिली, बरी आहे म्हणाले, मग बोट एक्केचाळीसवर थांबलं. ते पान मी कोरं ठेवलं होतं.

"तुम्ही लिहिलं होतं, घेऊ नये म्हणून," मी म्हणाले.

"तेव्हा कुणाला माहीत नव्हतं. आता बठ्ठास्ले माहीत शे, तेही अर्धंच. अर्धं राहिलं की चेष्टाच राहते." त्यांनी मूळ वही आणि प्रत दोन्ही माझ्याकडे सरकवली. "नाव कसं पडलं ते लिहा. मग लग्नात कसं उघडं पडलं तेही लिहा. आमची मुलंसुद्धा वाचतील."

"तुम्हाला माहीत होतं, नाना?"

"वही दुसऱ्या कुणाकडे होती?"

त्यांनी सुनेला, म्हणजे माझ्या बहिणीला, चहा टाकायला सांगितलं. तो विषय पुन्हा काढला नाही.

याला दोन वर्षं झाली. नाना अठ्ठ्याहत्तरचे आहेत. दर दिवाळीला मी जळगावला जाते. ते प्रकृती विचारतात, कचेरीचं विचारतात, वहीचं विचारत नाहीत. पहिला अर्धा भाग मी लिहून काढला आहे: दुष्काळ, घाणी, भाजलेली ढेप, बंद झालेली स्थळं. दुसऱ्या भागाची सुरुवात चारदा करून फाडली. इथे वर ही हकिकत लिहिली तीत कुणाचंच नाव नाही, म्हणून ती जमली. वहीच्या त्या पानावर काकूंचं नाव लिहावं लागेल आणि त्याच्या आधी माझं.