ड्रेसिंग रूममधली धुरी

माझ्या आईने ओमानमधल्या एका व्यावसायिक फुटबॉल क्लबचा अख्खा संघ एकाच वेळी रडवला आहे. त्यासाठी ती मैदानात उतरली नव्हती. स्टँडमध्ये बसून शेंगदाणे खात होती.

क्लबचं नाव सांगत नाही, कारण मला अजून तिथेच नोकरी करायची आहे. सीब शहराहून किनाऱ्याकिनाऱ्याने पुढे गेलं की आमचं गाव लागतं. मी मूळचा गुहागरचा. इथे खेळाडूंचे कपडे धुणं, बूट आणि बॉल सांभाळणं हे माझं काम. माझे वरिष्ठ म्हणजे सईदचाचा. ते क्लब स्थापन झाला त्या दिवसापासून तिथे आहेत आणि क्लबचा इतिहास सांगतात. (विचारावा लागत नाही.)

हा इतिहास असा, की गावातले कोळी ओहोटी लागली की वाळूवर फुटबॉल खेळायचे. गोलचे खांब म्हणजे खजुराचे ओंडके. एकदा खेळ रंगात आला असताना भरती आली, एक ओंडका वाहून गेला आणि नेमका त्याच वेळी बॉल तिथून आत गेला. आता खांबच नाही तर गोल कसा? अर्धे म्हणाले गोल, अर्धे म्हणाले नाही. ‘नाही’ म्हणणारे रागावून शेजारच्या वाडीत गेले आणि त्यांनी स्वतःचा क्लब काढला. दोन्ही क्लब आज टीव्हीवर दिसणाऱ्या लीगमध्ये खेळतात, परदेशी कोच ठेवतात, पण कहवा प्यायला एकत्र बसले की अजून त्या ओंडक्यावरूनच भांडतात.

तर त्या वर्षी आमचा संघ हरत होता. साधासुधा नाही, सातत्याने! शेवटच्या मॅचमध्ये निदान बरोबरी हवी होती, नाहीतर क्लब खालच्या विभागात जाणार, पगारी माणसं कमी होणार. कमी करायच्या माणसांत पहिला कोण, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. बायको, मुलगी मनू, भाड्याचं घर, सगळं माझ्या व्हिसावर उभं. आणि शेवटची मॅच कुणाशी? त्या ओंडकेवाल्यांशी.

त्याच सुमाराला आई व्हिजिट व्हिसावर आली होती. तिने आमच्या दोन-तीन मॅच पाहिल्या आणि निदान केलं.

“दिन्या, ह्या पोरांना नजर लागलीय.”

“आई, त्यांना डिफेन्स नाही.”

“ते काय ते नसेल. पण तो उंच पोरगा बॉल मारतो तो दर वेळी खांबावरच कसा जातो? आमच्या आंब्याला लागली होती तशीच लागलीय.”

मी हसून सोडून दिलं. पण मॅचच्या आदल्या दिवशी सईदचाचा डोळ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलात दाखल झाले आणि जाताना माझ्या हातात मजमर ठेवून गेले. मजमर म्हणजे लुबान जाळायचं मातीचं धुपाटणं. आमच्या क्लबची रीतच आहे, संघ मैदानात जाण्यापूर्वी ड्रेसिंग रूममध्ये प्रत्येक खेळाडूभोवती लुबानची धुरी फिरवायची. हे काम चाचांनी कधी दुसऱ्याला करू दिलं नव्हतं. “बेटा, इज्जत का काम है,” ते म्हणाले. मी छाती फुगवून धुपाटणं घासायला घरी आणलं.

आईने ते पाहिलं आणि तिचे डोळे चमकले.

“तू हे त्यांच्याभोवती फिरवणार?”

“हो.”

“मग झालंच की. त्यातच मीठ-मोहरी टाक.”

“आई, त्यांच्यात असलं चालत नाही.”

“नजर त्यांनापण लागते. मनूला पाहिलं की तुझा सईद पहिलं ‘माशाल्ला’ म्हणतो, ते कशाला?”

खरं सांगायचं तर मला वाद घालायचाच नव्हता. माणसाची नोकरी टांगणीला लागली की त्याची विज्ञाननिष्ठा बरीच लवचीक होते.

“चिमूटभर मीठ आणि मोहरी,” मी म्हणालो. “मिरची अजिबात नाही.”

“बरं,” आई म्हणाली. तिचं ‘बरं’ मी लहानपणापासून ऐकतो आहे, तेव्हाच सावध व्हायला हवं होतं. तिने मला लुबानची डबी भरून दिली. वर स्वच्छ, पांढरे लुबानचे खडे. खाली काय आहे ते मी पाहिलं नाही.

मॅचच्या दिवशी ड्रेसिंग रूम गच्च भरली होती. एसी चालू, दारं बंद. कोच फळ्यावर बाण काढत होता. मी फळ्याकडे बघतच निखाऱ्यांवर डबी रिकामी केली आणि चाचांच्या थाटात फिरायला लागलो. छान वास सुटला. कॅप्टनने डोळे मिटून दुआ मागितली. मीपण मागितली.

मग मोहरी तडतडली.

“दिनेश, ये आवाज कैसा?” कॅप्टनने एक डोळा उघडला.

“नया लुबान है, कॅप्टन. स्पेशल.”

तेवढ्यात डबीच्या तळाशी दडवलेल्या लवंगी मिरच्यांनी पेट घेतला. गोलकीपर शिंकला. मग तो उंच पोरगा शिंकला. मग कुणाचं काय चाललंय ते कळेनासं झालं, कारण मला दिसायचं बंद झालं. कोच ‘गॅस, गॅस’ ओरडत फळ्यासकट दाराकडे धावला, धुराची घंटा वाजायला लागली आणि अख्खा संघ खोकत, एकमेकांचे खांदे धरून, बोगद्यातून थेट मैदानात गेला. धुपाटणं घेऊन मी मागोमाग. ते टाकून द्यावं हे मला सुचलंच नाही.

आता स्टँडमधल्या लोकांना काय दिसलं ते ऐका. आपल्या क्लबचा जगण्या-मरण्याचा दिवस, आणि आपली पोरं एकमेकांना धरून ढसाढसा रडत येताहेत! ढोल थांबला. सगळे उभे राहिले. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्या कोळ्याने डोक्याचा मस्सर, म्हणजे फेटा, सोडून त्यानेच डोळे पुसले. मग कुणीतरी जुनं होडी ओढायचं गाणं सुरू केलं आणि हजार गळ्यांनी ते उचललं. ओंडकेवाल्यांचा संघ पाहतच राहिला. त्यांच्यातला एक तर आमच्या कॅप्टनच्या पाठीवरून हात फिरवू लागला.

मॅच काय वर्णावी? आमच्या लोकांना अर्धा वेळ बॉल धूसरच दिसत होता, त्यामुळे जो दिसेल त्याला ते जीव खाऊन अडवत होते. गोल कोणाचाच होईना. मी बाकावर बसून मनातल्या मनात घरातलं सामान बांधत होतो. अगदी शेवटी त्यांनी फटका मारला, नेमका त्याच क्षणी आमचा गोलकीपर शिंकला आणि बॉल त्याच्या डोक्यावरून गेला. खांबाला लागला, रेषेवर पडला, बाहेर आला.

ते म्हणाले गोल. आम्ही म्हणालो नाही. रेफ्री बराच वेळ कानातल्या यंत्राशी बोलला आणि मग त्याने हात आडवे हलवले. गोल नाही. खलास!

आम्ही वाचलो. मी तिथेच गवतावर बसलो आणि मनापासून रडलो. (यात मिरचीचा काही संबंध नव्हता.)

संध्याकाळी हॉस्पिटलातून चाचांचा फोन आला. एका डोळ्याने त्यांनी टीव्हीवर सगळं पाहिलं होतं.

“बेटा, इतक्या वर्षांत मी पोरांना क्लबसाठी असं रडताना पाहिलं नाही. तू आत जाऊन त्यांना काय सांगितलंस?”

“क्लबचा इतिहास सांगितला, चाचा,” मी म्हणालो.

त्यांनी ते काम तिथल्या तिथे माझ्यावर सोपवलं. आता दर हंगामाला नव्या खेळाडूंना इतिहास सांगायचं काम माझ्याकडे असतं. ते ऐकताना कोणी रडत नाही, फक्त जांभया देतात.

स्टँडमधून आईलाही ते खरं रडणंच वाटलं होतं. घरी आल्यावर तिने पहिला प्रश्न विचारला, “ठसका लागला का रे कुणाला?”

“कुणाला? सगळ्यांना लागला!”

“अगोबाई,” ती हिरमुसली. “मग नजर नव्हतीच. नजर असली तर मिरचीचा ठसका लागत नाय. मग ती पोरं हरत कशी होती?”

“डिफेन्स नाही, आई.”

तिने मान हलवली आणि मला समोर बसवलं. म्हणाली, नोकरी टिकली, आता तुझीच काढते. मिरच्या ओवाळल्या, जाळल्या. ठसका तर सोडाच, नाकाला झिणझिणीसुद्धा आली नाही. आई भलतीच खूश झाली. मलाही आतून बरं वाटलं. क्लबातल्या एवढ्या देखण्या, नावाजलेल्या खेळाडूंना सोडून लोकांची नजर आपल्याला लागली, म्हणजे आपल्यात काहीतरी असणारच. मी जरा केस सारखे केले.

“अहो,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “लवंगी सगळी तुमच्या क्लबात गेली. ती रंगाची बेडगी होती.”