बोरगडच्या धुक्यात हरवलेला म्हातारा

चहा हातात असेल तर आधी खाली ठेवा. हा किस्सा मी मेहुण्याला सांगितला तेव्हा त्याच्या नाकातून चहा आला होता, आणि सोफ्याचं कव्हर आमचं होतं! वेंधळेपणा मी तसा नेहमीच करतो. पण एका वेंधळेपणापायी अर्धी वाडी जंगलात उतरवणं, हे मला एकदाच जमलंय.

तर, आमचा एक धावणाऱ्यांचा गट आहे. सगळी पन्नाशीच्या आसपासची मंडळी. हिवाळ्यात आमची लाडकी जागा म्हणजे बोरगडचं राखीव जंगल. रविवारी सगळे तिथे धावतात, आणि शनिवारी पहाटे मी एकटा जाऊन वाट बघून येतो. धुकं किती, दव किती, वाळलं गवत कुठे निसरडं झालंय, मुरूम कुठे सुटलाय. हे काम माझ्याकडे का? तर मी बारकाईनं करतो म्हणून. असं गट म्हणतो. बायकोचं म्हणणं, पहाटे उठायला दुसरं कुणी तयार नाही म्हणून.

त्या शनिवारी थंडी अशी, की नाशिक रोडहून स्कूटरवर निघताच दात आपोआप वाजायला लागले. वाटेत द्राक्षबागांतून शेकोट्यांचा धूर निघत होता. द्राक्षांना सुद्धा ऊब, आणि मला?

मलाही होती म्हणा. सुनंदानं, म्हणजे आमच्या हिनं, दारातच मला गाठलं होतं. आतून जाड बनियन, टीशर्ट, त्यावर बिनबाह्यांचा स्वेटर, त्यावर बाह्यांचा स्वेटर, त्यावर जाकीट. हाफपँटवर लोकरीची पँट. गळ्यात मफलर, डोक्याला माकडटोपी.

"अगं, मी धावायला चाललोय, हिमालयात नाही."

"सर्दी झाली की रात्रभर खोकता तुम्ही. मफलर काढायचा नाही!"

आता मला सांगा, एवढं अंगावर चढवून माणूस धावेल कसा? पहिल्या चढालाच मला घाम फुटला. मफलर काढून करवंदीच्या जाळीवर टाकला. येताना घेऊ, वाट तीच आहे! थोडं पुढे जाकीट गेलं, सागाच्या फांदीवर. मग माकडटोपी. धुक्यानं चष्म्याच्या काचा सारख्या धुरकट व्हायला लागल्या, म्हणून चष्माही काढला. शेवटी एका सपाट दगडावर दोन्ही स्वेटर आणि लोकरीची पँट नीट घडी करून ठेवली. खिशात उड्या मारणारा फोन आणि तो चष्मा स्वेटरच्या घडीत सरकवले. आणि हाफपँट-टीशर्टमध्ये पिसासारखा हलका होऊन निघालो!

हे सगळं करताना माझं तोंड चालू होतं. निरीक्षण विसरू नये म्हणून मी ते मोठ्यांदा बोलतो. "इथे निसरडं... इथे दगड सुटा... इथे जपून बाबा, जपून!"

एक गवत कापणारी मावशी उतारावरून हे सगळं बघत होती. मला कुठे दिसतेय ती? चष्म्याशिवाय मला लांबचा बैलही झुडूपच वाटतो.

माथ्यावर पोचलो. काय सांगू, ढगांच्या वर उभा असल्यासारखं वाटलं! खाली सगळं पांढरं, समोर रामशेज किल्ल्याचं फक्त डोकं बाहेर. मन भरून आलं. पण आल्या वाटेनं उतरायला गेलो तर दवानं गवत ओलं होऊन पाय ठरेना. मग पलीकडच्या जाळपट्ट्यानं उतरलो. वणवा पसरू नये म्हणून गवत कापून मोकळा केलेला पट्टा असतो तो. लांबचा, पण पक्का. म्हटलं, खाली उतरून कपडे गोळा करू.

खाली येतो तर धुक्यात पायथ्याच्या वाडीतली माणसंच माणसं! काठ्या घेऊन, हाका मारत.

"आजोबाऽऽ! ओ आजोबाऽऽ!"

पुढे खाकी कपड्यात वनरक्षक, तरुण माणूस. मी विचारलं, "काय झालं हो दादा?"

"सर, एक म्हातारा हरवलाय. डोक्यावर परिणाम झालेला दिसतोय. कपडे काढत काढत जंगलात शिरलाय. हे बघा, पोतंभर कपडे सापडले."

काळजात चर्र झालं. अशा थंडीत? कपडे काढून? कुठल्या घळीत पडला असेल तर तासाभरात गारठून जाईल की!

"पाहिलं कुणी त्याला?"

"म्या पाह्यलं," त्या मावशी पुढे आल्या. "लय म्हातारा. साठी कवाच उलटलेली. असा वाकून वाकून पळत व्हता, धापा टाकीत. आन् येकटाच बडबडत व्हता. सोताच सोताला म्हनं, जपून बाबा, जपून! आपल्याला तर रडूच आलं."

माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. खरंच!

तुम्ही म्हणाल, अहो, कपड्यांवरून काही लक्षात आलं नाही? नाही आलं! आम्ही म्हातारा शोधत होतो ना! मी एक्कावन्न वर्षांचा, नुकताच अख्खा डोंगर चढून उतरलेला. माझा आणि त्या म्हाताऱ्याचा संबंध काय?

उलट मी कामालाच लागलो. या जंगलाची वाट न् वाट मला ठाऊक. माणसांच्या तीन तुकड्या केल्या. "तुम्ही ओढ्याकडे. तुम्ही घळीकडे, तिथे निसरडं आहे, काठी टेकत जा. बाकीचे माझ्याबरोबर!" वनरक्षक माझ्याकडे इतक्या आदरानं बघत होता, की मीच थोडा ताठ झालो.

आणि हाका? घसा बसेपर्यंत! "आजोबाऽऽ, घाबरू नका! आम्ही आलोय!"

"चांगलं मानूस हाय," मावशी मागे कुणाला तरी म्हणाल्या. "सोताच्या अंगावर धड कापड नाय, पन म्हाताऱ्यासाठी फिरतंय बिचारं."

बराच वेळ झाला. म्हातारा काही मिळेना. वनरक्षकाचा चेहरा उतरला. "सर, आता वरिष्ठांना कळवून जादा माणसं मागवतो. काही बरंवाईट झालं असेल तर..."

तेवढ्यात पोत्यात फोन वाजला!

सगळे थबकले. वनरक्षकानं स्वेटरच्या घडीतून फोन काढला. "सर! स्क्रीनवर 'घर' असं आलंय!"

"स्पीकरवर टाका!" मी ओरडलो. पलीकडून बाईचा आवाज "हॅलो" म्हणाला न म्हणाला, तोच मी सुरू झालो. नात्यागोत्यातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचा कैवार त्या क्षणी माझ्या अंगात संचारला होता.

"हॅलो काय हॅलो! काही जनाची नाही तर मनाची? एवढ्या थंडीत म्हाताऱ्या माणसाला एकटं जंगलात सोडता? त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय हे घरात कुणाला माहीत नव्हतं? इथे माणसं जिवाचं रान करतायत, आणि तुम्ही आत्ता फोन करताय? अंगावर एक स्वेटर तरी धड घालून पाठवायचं त्याला!"

मी दम घ्यायला थांबलो.

मग अगदी ओळखीच्या, अगदी थंड आवाजात उत्तर आलं.

"अहो, दोन स्वेटर घालून पाठवलं होतं. मफलर कुठाय?"

धुक्यात गार वाटत नव्हतं, ते तेव्हा वाटलं. डोक्यापासून पायापर्यंत. वनरक्षकाच्या हातून फोन घेऊन कसाबसा कानाला लावला. "सुनंदा, मी नंतर बोलतो," एवढंच म्हणालो.

मग वळून सगळ्यांना सांगितलं, "मंडळी, शोध थांबवा. तो... म्हणजे ते कपडे माझेच आहेत. माणूस सुखरूप आहे."

तुम्हाला वाटेल, इथे सगळे हसले आणि विषय संपला. छे! कुणी मानायलाच तयार नाही!

"सर, चेष्टा नका करू," वनरक्षक गंभीर झाला. "म्हातारा साठीच्या पुढचा आहे. तुमचं वय काय?"

"एक्कावन्न."

"मग? उगाच आमच्या मनाला बरं वाटावं म्हणून सांगताय तुम्ही. चला रे, ओढ्याकडे बघू पुन्हा!"

आणि माणसं खरंच निघाली हो! जाडजूड घोंगड्या पांघरून, दवात भिजत, माझ्यासाठी. मनात आलं, गप्प बसावं, एक्कावन्नच राहावं. पण ती मंडळी संध्याकाळपर्यंत घळी धुंडाळत बसली असती. मग मी हात जोडले. आयुष्यात पहिल्यांदा, भर जंगलात, ओरडून सांगितलं, "अहो, थांबा! म्हातारा मीच आहे! खरंच मीच म्हातारा आहे!"

मावशी जवळ आल्या. मला खालून वर न्याहाळलं. मान हलवली. "नाय वाटत. तो लय थकल्याला व्हता." मग जरा विचार करून म्हणाल्या, "बरं, जरा पळून दावा."

मी पळालो. जाळपट्ट्यावरून, छाती काढून, पाठ ताठ ठेवून. इतक्या वर्षांत कधी धावलो नसेन असा झकास धावलो!

दहा पावलंही झाली नसतील, मागून मावशींचा आनंदानं भरलेला आवाज अख्ख्या बोरगडावर घुमला,

"घावला गं बाई! ह्योच त्यो म्हातारा!"