पॅकहाऊसमधल्या बाया आणि औटी साहेब

किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. एकाच ठिकाणी पंधरा वर्षं नोकरी केली की ते आपोआप साचतात, टेबलाच्या खालच्या ड्रॉवरमध्ये गंजक्या पिना साचतात तसे. एखाद्या दिवशी दुसरंच काहीतरी शोधायला हात घालावा आणि बोटाला टोचावं, असं होतं.

मी जुन्नरची. नव्वदच्या दशकात मंचरबाहेर हायवेला लागून एक भाजीचं पॅकहाऊस निघालं, तिथं टायपिस्ट म्हणून लागले. मिरची, भेंडी, गवार निवडून, खोक्यात भरून परदेशी पाठवायची, हा धंदा. मालक अण्णा, जुने बागाईतदार. ते आठवड्यातून दोनदा यायचे. बाकी सगळा कारभार मॅनेजर औटी साहेबांचा. साहेब वाईट नव्हते, हे आधीच सांगते. फक्त जगात बाया असतात, हे त्यांना दर वेळी नव्यानं कळायचं.

*

ऑफिसात मी एकटी बाई. आत निवडणीच्या लांब पट्ट्यावर वीस-पंचवीस बाया. आणि सगळ्यांना मिळून संडास एकही नाही. होता तो पुरुषांचा. पहिल्याच आठवड्यात मी साहेबांना विचारलं.

ते म्हणाले, "आजवर कुणी मागितला नाही."

"मी मागतेय."

त्यांनी खरंच दोन महिन्यांत बांधून दिला. पण त्याला कुलूप लावलं आणि किल्ली आपल्या खुर्चीमागच्या खिळ्याला अडकवली. का, तर बाहेरचं कुणी वापरेल. म्हणजे आता पंचवीस बायांनी दर वेळी साहेबांसमोर जाऊन उभं राहायचं आणि किल्लीकडे बोट दाखवायचं. समोर पार्टी बसलेली असली तरी.

मी टाइपरायटरवर अर्ज केला. 'विषय: प्रसाधनगृहाची किल्ली मिळणेबाबत.' आवक नंबर टाकला आणि साहेबांच्या टेबलावर ठेवला. तासाभरानं पट्ट्यावरची एक बाई आली, तिचाही केला. मग दुसरीचा. कागद आला की त्यावर शेरा मारून सही करायची, ही साहेबांची सवय. तेही बिचारे 'मंजूर' लिहून सही करत राहिले.

तिसऱ्या दिवशी अकरावा अर्ज गेला, तेव्हा एक्स्पोर्टचा एजंट समोर बसला होता. त्यानं सहज कागद उचलून वाचला आणि म्हणाला, "औटी साहेब, ह्याची मंजुरी पण तुमच्याकडेच असते का?"

किल्ली त्याच दुपारी दाराला लागली. कायमची.

*

मग साहेबांना कावीळ झाली आणि ते महिनाभर घरी. माल रोज निघायचा होता, म्हणून अण्णांनी डिस्पॅच माझ्याकडे दिला. काम मला येत होतं. अडचण फोनची. मुंबईचा एक व्यापारी होता, त्याला बाईचा आवाज ऐकला की पुढं बोलताच येईना.

"साहेबांना द्या."

"साहेब आजारी आहेत. माझ्याशी बोला."

"मग दुसऱ्या कुणाला द्या."

वजनकाट्यावर आमचे नामदेवभाऊ होते. सातवी शिकलेले, पण आवाज असा की सभेत माईक लागू नये. मी त्यांनाच बोलावलं. रिसीव्हर त्यांच्या हातात, मी शेजारी. मी हळू सांगायचं, त्यांनी मोठ्यानं म्हणायचं. किती खोकी, गाडी कधी निघेल, परवाचा माल ओला का लागला, सगळं. व्यापारी खूश. म्हणाला, "आत्ता कसं! बोलायला माणूस भेटला."

महिन्यानं तो स्वतः मंचरला आला. थेट काट्यावर जाऊन नामदेवभाऊंचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "तुमच्याइतका जाणता माणूस या लाइनीत पाहिला नाही."

नामदेवभाऊ म्हणाले, "शेठ, आवाज माजा व्हता. बोलणं बाईंचं."

व्यापाऱ्यानं हात सोडला. मग विचारलं, "तर मग आता मी कुणाशी बोलायचं?"

"माज्याशीच बोला," नामदेवभाऊ म्हणाले. "बाईंना आता येळ नाय."

*

नामदेवभाऊंचं अक्षरही सुंदर. दारातल्या फळ्यावर रोज सकाळी ते सुविचार लिहायचे. एकदा पट्ट्यावरच्या एका पोटुशी असलेल्या बाईनं अर्धी सुट्टी मागितली. त्या दिवशी ऑर्डर मोठी होती, साहेब चिडलेले होते. सगळ्यांसमोर तिला असं काही बोलले की मी ते इथं सांगणार नाही. ती खाली मान घालून परत पट्ट्यावर बसली आणि संध्याकाळपर्यंत मिरच्या निवडत राहिली. एकही जण मध्ये पडला नाही, मीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर ओळ होती: 'बाईमाणसाशी बोलताना जीभ सांभाळावी.'

साहेबांनी नामदेवभाऊंना आत बोलावलं. "हे कुणाबद्दल लिहिलंय?"

"सुविचार हाय साहेब. ज्याला लागंल त्याचा."

त्यांना कामावरून कमी केल्याचं पत्र मीच टाइप केलं. ते चार दिवस टिकलं, कारण त्यांच्याशिवाय काटा कुणालाच जमेना आणि गाड्या हायवेपर्यंत उभ्या राहिल्या. पाचव्या दिवशी भाऊ कामावर परत आले. मात्र सुविचार आता ऑफिसातून मंजूर होऊनच फळ्यावर जाईल, असं ठरलं.

पहिला मंजूर सुविचार होता 'पाणी जपून वापरा.' तो दोन वर्षं राहिला.

*

पुढं कधीतरी परदेशातल्या गिऱ्हाइकानं कळवलं की तुमच्याकडे बायांच्या तक्रारींसाठी समिती हवी, आमचा माणूस तपासायला येणार आहे. साहेबांनी लगेच समिती केली. अध्यक्ष औटी साहेब, सदस्य स्टोअरकीपर, सदस्य इलेक्ट्रिशियन.

मी टाइप करता करता थांबले. "साहेब, यात एक तरी बाई पाहिजे ना?"

साहेब अगदी मनापासून म्हणाले, "तक्रार घेऊन येईल ती बाईच असेल की."

*

आता शेवटचा. दोन हजार आठच्या आसपासचा.

तोवर टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आले होते. वैशाली नावाची मुलगी ऑपरेटर होती. जुन्नरचीच, बावीस वर्षांची, माझ्याबरोबर एसटीनं यायची. आणि क्वालिटीला संतोष म्हणून एक तरणा मुलगा. तेव्हा इंटरनेटवर एक साइट फार चालायची. प्रत्येकाचं आपापलं पान, त्यावर फोटो टाकायचे आणि मित्रांनी खाली लिहायचं.

संतोषनं एका रविवारी त्या पानावर आमच्या पट्ट्याचा फोटो टाकला. बाया ओळीनं बसलेल्या. खाली लिहिलं: 'आमच्या कंपनीतला माल.' आणि मालाला लावतात तशी ग्रेड लावून सव्वीस जणींची नावं. चार जणी ए ग्रेड, एक्स्पोर्ट. पंधरा जणी बी ग्रेड, लोकल मार्केट. सात जणी रिजेक्ट. खाली त्याच्या मित्रांचे हसण्याचे शेरे.

वैशालीला हे मंचरच्या सायबर कॅफेत दिसलं. तिनं प्रिंट काढली आणि सकाळी साहेबांपुढं ठेवली. साहेबांनी वाचलं, थोडं हसले आणि म्हणाले, "पोरगं आहे. चेष्टा केली. सांगतो मी त्याला."

त्या संध्याकाळी वैशालीनं आपल्या पानावर चार ओळी लिहिल्या. आमच्याकडे बायांची अशी यादी झाली, मी साहेबांना दाखवली, साहेब हसले. एवढंच. कंपनीचं नावही नव्हतं. पण साहेबांच्या पुण्यातल्या भाच्यानं ते वाचून मामाला फोन केला.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी मला पत्र सांगितलं. कंपनीची बदनामी केल्याबद्दल वैशालीला आजपासून कामावरून कमी करण्यात येत आहे. ती समोर उभी होती. म्हणाली, "साहेब, मी ते कामाच्या वेळात लिहिलं नाही. कंपनीचा कॉम्प्युटरही वापरला नाही."

"कुठं लिहिलं त्याला महत्त्व नाही. काय लिहिलं त्याला आहे," साहेब म्हणाले.

मी पत्र टाइप केलं. माझी बोटं नेहमीसारखीच चालली, एक चूक झाली नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

जेवणाच्या सुट्टीत वैशाली निरोप घ्यायला पट्ट्याकडे गेली. बायांनी विचारलं, काय झालं. तिनं प्रिंट वाचून दाखवली, सगळी नावं, सगळे ग्रेड. महाळुंगे पडवळच्या कमलताई त्यांच्यात सगळ्यात जुन्या. त्यांनी विचारलं, "आन मी कशात हाय?"

वैशालीनं कागदाची घडी घातली. "रिजेक्टमध्ये, ताई."

"बरं," कमलताई म्हणाल्या आणि उरलेली भाकरी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मंचरला उतरले तर मार्केट यार्डाच्या फाटकाशी आमच्या पंधरा बाया डबे घेऊन रांगेत बसलेल्या. मी विचारलं, "इथं काय करताय?"

"आमी बी ग्रेड. लोकल मार्केटला आलोय."

पॅकहाऊसवर पोचले तर ऑफिसच्या बाकावर चार जणी पिशव्या भरून तयार. साहेब त्यांच्यापुढं उभे. त्यांतली एक अदबीनं विचारत होती, "साहेब, आमी एक्स्पोर्टच्या. विमान किती वाजता हाय?"

उरलेल्या सात जणी आल्याच नव्हत्या. आमच्याकडे नियमच होता, रिजेक्ट माल आवारात ठेवायचा नाही, संध्याकाळच्या आत बाहेर काढायचा. पट्टा मोकळा. बाहेर दोन टेम्पो मिरची, आणि मुंबईची गाडी दुपारी निघायची होती.

अण्णांना फोन गेला. ते आले. काय झालं ते कुणी सांगेना, तेव्हा मी प्रिंट आणि वैशालीच्या पत्राची ऑफिस कॉपी त्यांच्या हातात दिली. त्यांनी दोन्ही कागद सावकाश वाचले.

"औटी, तुम्ही हसलात?"

"हसलो नाही, अण्णा. स्मित केलं."

"मग जा, मिरची निवडायला बसा," अण्णा म्हणाले. "स्मित करत."

साहेब खरंच जाऊन बसले. संतोषला बोलावलं. तो रडवेला झाला होता. म्हणाला, "अण्णा, रविवारी घरी बसून लिहिलं. कंपनीचा काय संबंध?" वैशालीनं आदल्या दिवशी जवळजवळ हेच म्हटलं होतं.

"लिहिलंस रविवारी," अण्णा म्हणाले, "पण त्यांनी ऐकलं कामाच्या दिवशी."

मी दोन पत्रं टाइप केली. एक वैशालीचं पत्र रद्द केल्याचं, एक संतोषचं. संतोषचं करताना मात्र दोनदा चुकले. त्याची आई मला ओळखत होती.

यार्डातल्या पंधरा आणि बाकावरच्या चार पट्ट्यावर आल्या. पण बसेनात. कमलताई आल्याशिवाय बसणार नाही म्हणाल्या. तसाही पट्टा त्याच चालवायच्या. कुणी कुठं बसायचं, नवीला काय शिकवायचं, कुठलं खोकं परत उघडायचं, सगळं त्या ठरवायच्या. त्यांची खडूची खूण नसलेलं खोकं गाडीत चढत नसे. हजेरीपत्रकात मात्र त्यांच्या नावापुढं 'हेल्पर' असं होतं, आठ वर्षं.

अण्णा मला घेऊन जीपनं महाळुंग्याला गेले. कमलताई दारात लसूण सोलत बसल्या होत्या. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, खाली ताजी फुलं. त्या उठल्या, पाणी दिलं, चहा ठेवला. अण्णांनी चहा पिऊन होईपर्यंत विषय काढला नाही. मग म्हणाले, "कमल, त्या पोराला काढला. वैशालीला परत घेतली. आता चल."

"तुमचाच नियम हाय, अण्णा. रिजेक्ट झालेला माल परत आत घ्यायचा तर कागद लागतो."

"कागद करू. यांना त्यासाठीच आणलंय." अण्णांनी माझ्याकडून लेटरहेड घेतलं, मांडीवर ठेवलं आणि पेन उघडलं. "सांग, तुझ्या नावापुढं ए ग्रेड लिहितो. मग तर झालं?"

कमलताईंनी कपबश्या गोळा केल्या आणि म्हणाल्या,

"ग्रेड ऱ्हाऊ द्या. हुद्दा लिवा."